शिकारीचे मांस आणि चित्रविचित्र खाणे: तो उग्र वास नेमका कुणाचा?

रानवेडी:

शिकारीच्या मांसाविषयी आणि जगभरातल्या चित्रविचित्र खाण्याविषयी कुणी लिहायला बसले की दोन शेरे हटकून येतात. पहिला, 'चव साधारण कोंबडीसारखी लागली', आणि दुसरा, 'रानटी वास येत होता, पण नेटाने खाल्ले'. पहिला शेरा मी मनावर घेत नाही, कारण लिहिणाऱ्याला दुसरे काही सुचले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. दुसरा मात्र मला सतावतो. उत्तर फिनलंडमध्ये रेनडिअरचे अगदी पातळ काप लोण्यात परतून, कुस्करलेला बटाटा आणि आंबट लिंगनबेरी यांच्याबरोबर खाल्ले, तेव्हा त्यांना वास असा नव्हताच. पुढे स्वीडनमध्ये मूस या थोराड हरणाचा रस्सा पुढ्यात आला, आणि पहिल्या घासालाच टाळूवर मेणचट थर बसून असा दर्प आला की पाव संपला तरी वाडगा संपेना. दोन्ही हरणांच्याच कुळातली, दोन्ही थंड रानात चरणारी, तरी एवढा फरक.

तेव्हा प्रश्न असा की, हा उग्र वास जनावराच्या अंगचा असतो, की मारणाऱ्याच्या, सोलणाऱ्याच्या आणि शिजवणाऱ्याच्या हातचा? आपण खाल्लेला सर्वांत अनोळखी पदार्थ सांगताना या प्रश्नाचाही जमल्यास विचार करावा. जिथे जे कायदेशीर आहे तेवढेच लिहावे. चोरट्या शिकारीच्या आणि संरक्षित प्राण्यांच्या बढाया इथे नकोत.

शंकेखोर:

प्रश्न चांगला आहे, उदाहरण लंगडे आहे. फिनलंडमधले रेनडिअर रानात चरत असले तरी ते रानटी जनावर नव्हे. प्रत्येकाला मालक असतो, पाडसांच्या कानांना त्या त्या मालकाच्या खुणेचे काप दिलेले असतात, आणि ठरलेल्या हंगामात कळप एकत्र हाकून त्यांतली निवडक जनावरे कत्तलीला काढतात. मूस मात्र शिकाऱ्याच्या गोळीने पडतो. म्हणजे आपण एका मालकीच्या जनावराची तुलना एका बेवारस जनावराशी केली आहे आणि दोष कुणाचा ते आम्हाला विचारत आहात. ही तुलना बरोबरीची नाही.

रानवेडी:

हरकत मान्य, पण तिने माझाच प्रश्न पुढे सरकतो. मालकी असली म्हणून रेनडिअरचा चारा बदलत नाही. बदलते ती कत्तल आणि त्यानंतरची हाताळणी. मग वास कुठून आला?

भटारखाना:

मी काही वर्षे ब्रिटनमध्ये अशा स्वयंपाकघरात काम केले आहे, जिथे हंगामात हरीण, फेजंट आणि रानकबुतरे सतत येत. माझे मत स्पष्ट आहे: लोक ज्याला रानटी वास म्हणतात, त्यातला बराचसा चरबीचा असतो आणि उरलेल्यातला बराचसा आळसाचा. रानवेडी यांनी टाळूवर बसलेल्या मेणचट थराचा उल्लेख केला आहे, तिथेच उत्तर आहे. हरणाच्या चरबीत स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असल्यामुळे ती तोंडाच्या उष्णतेलाही नीट वितळत नाही, टाळूला चिकटून बसते आणि आपला सगळा वास तिथेच धरून ठेवते. बैलाच्या मांसात चरबी हीच चव मानतात, म्हणून स्वयंपाक्याचा हात तिला काढायला धजत नाही; हरणाच्या बाबतीत नेमकी तीच काढून टाकायची असते. एखाद्याने भारी रस्सा करण्याच्या हौसेने ती भांड्यात राहू दिली की पुढचे सगळे मसाले फुकट जातात.

चरबीखालोखाल येतो तो स्नायूंवरचा चंदेरी पडदा. मांडीचा तुकडा पाटावर ठेवून, बारीक पात्याच्या सुरीचे टोक त्या पडद्याखाली एका कडेला सारायचे, सुटलेले टोक डाव्या हाताच्या चिमटीत ताणून धरायचे आणि पात्याची धार किंचित वरच्या बाजूला, म्हणजे पडद्याकडे, रोखून सुरी पुढे न्यायची. धार खाली झुकली तर पडद्याबरोबर मांस निघते, फार वर गेली तर पडदा फाटतो. नवशिक्याच्या पाटावर दोन्ही प्रकारची रद्दी साचते, आणि कंटाळून तो उरलेला भाग तसाच शिजवतो.

याशिवाय गंधग्रंथी असतात. हरणांच्या मागच्या पायांच्या सांध्यांशी अशा ग्रंथी असतात, आणि त्यांना लागलेला हात किंवा तीच सुरी मांसाला लागली की वास थेट मांसात येतो. अमेरिका खंडातल्या पेकरी या डुकरासारख्या प्राण्याची ग्रंथी कमरेजवळ पाठीवर असते. कातडे नीट सोलले तर ती कातड्याबरोबर अलगद निघून जाते, घाई केली तर मांस खाण्याजोगे राहत नाही. शिकार पडल्यावर आतडी किती लवकर काढली आणि धड किती लवकर गार झाले, यावर बाकीचे ठरते. तेव्हा हात, हात आणि हात, हेच माझे उत्तर.

सामिष:

म्हणजे त्या रश्शाला मूसचा नव्हे, आचाऱ्याचा वास येत होता, असे म्हणायचे!

हिमवाट:

भटारखाना यांच्याशी अर्धा सहमत, अर्धा नाही. मी अलास्कात राहिलो आहे आणि तिथे काळ्या अस्वलाचे मांस दोन वेगवेगळ्या हंगामांत खाल्ले आहे. शरद ऋतूत, डोंगरातल्या बेरी खाऊन माजलेल्या अस्वलाचे मांस आणि विशेषतः त्याची पांढरीशुभ्र चरबी इतकी गोडसर होती की तिच्यात भाजलेले बिस्किट मी मागून घेतले. किनाऱ्याजवळच्या, नदीकाठी मेलेल्या सामन माशांवर ताव मारणाऱ्या अस्वलाचे मांस मात्र कितीही धुतले, भिजवले, मसाल्यात मुरवले, तरी त्याने आपला मासळीचा दर्प सोडला नाही. सोलणारा माणूस एकच, सुरी एकच, भांडेही तेच. मग फरक कशाचा? जनावराने काय खाल्ले त्याचा.

पक्ष्यांचेही असेच आहे. सूचिपर्णी झाडांच्या रानातला स्प्रूस ग्राउस हा पक्षी हिवाळ्यात त्या झाडांच्या सुयांसारख्या पानांवर जगतो आणि त्या दिवसांत त्याच्या मांसाला राळेची कडवट चव येते. उन्हाळ्यात, फळे आणि किडे खाण्याच्या दिवसांत, ती नसते. मासे खाणारी मर्गान्सर बदके तर बहुतेक शिकारी मारायच्याच भानगडीत पडत नाहीत. पात्याची धार वर रोखून या वासाचे काहीही होत नाही.

आणखी एक गोष्ट. रानडुकराच्या नराला जो विशिष्ट दर्प असतो, तो मुख्यतः अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन द्रव्यांचा असतो. यातल्या अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना येतच नाही, कारण तो ओळखणारी नाकातली जनुकीय व्यवस्था प्रत्येकाची सारखी नसते. त्यामुळे एकाच ताटातून जेवणारी दोन माणसे वासावरून भांडत असली, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

सामिष:

या शेवटच्या वाक्याने आमच्या घरातला एक जुना वाद मिटण्याची शक्यता आहे. नसला मिटायचा तर निदान त्याला शास्त्रीय आधार मिळेल.

सूक्ष्मदर्शी:

प्रतिसाद वाचून असे वाटते की आपण जनावर आणि स्वयंपाकी या दोघांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, आणि तिसरा आरोपी, म्हणजे मरणाची रीत, मोकळाच फिरतो आहे. जनावर शांतपणे मेले तर त्याच्या स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचे, म्हणजे राखीव साखरेचे, मृत्यूनंतर लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा सामू (आम्लता जितकी जास्त, तितका कमी असणारा आकडा) सुमारे ५.५ पर्यंत उतरतो. त्यामुळे मांस मऊ पडते आणि टिकते. कुत्र्यांनी पिटाळलेले किंवा जखमी होऊन मैलभर धावलेले जनावर हा साठा मरणापूर्वीच संपवते, मग आम्ल पुरेसे होत नाही, सामू ६ च्या वर राहतो, आणि मांस गडद, घट्ट आणि चिकट होते. असे मांस लवकर नासते, आणि नासण्याच्या पहिल्या पायरीचा वास अनेकांना रानटीपणाचाच वाटतो.

याचे उलट उदाहरण कांगारूचे. ऑस्ट्रेलियात व्यापारी कांगारूची शिकार परवानाधारक नेमबाज रात्री करतात आणि गोळी डोक्यातच लागली पाहिजे असा नियम आहे. जनावर चरत असते ते तिथल्या तिथे कोसळते. धावपळ नाही, भीती नाही. मी ते मांस ऑस्ट्रेलियात खाल्ले आहे. रंग गडद लाल, चरबी जेमतेम २ टक्के, आणि दर्प जवळजवळ नाही. मात्र ते तव्यावर थोडा वेळ जास्त राहिले की त्याचे वहाणेचे चामडे होते, हे सांगून ठेवते.

रंगावरून आठवले. गडद रंग म्हणजे उग्र चव असे मानण्याची पद्धत आहे, पण रंग मायोग्लोबिनचा असतो. हे द्रव्य स्नायूंत प्राणवायू साठवते, म्हणून श्वास रोखून खोल बुड्या मारणाऱ्या सीलचे मांस जवळजवळ काळे दिसते, सतत धावणारा शहामृग पक्षी असूनही लालबुंद मांस देतो, आणि दिवसभर निपचित पडून क्वचित झेप घेणाऱ्या मगरीच्या शेपटीचे मांस पांढरे असते. रानवेडी यांनी थट्टा केलेल्या कोंबडीच्या शेऱ्यात म्हणूनच थोडे तथ्य आहे: मायोग्लोबिन कमी, चरबी कमी, की चव सौम्य होते. शिवाय वंशावळीने मगर ही पालीसरड्यांपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे.

तृणभक्षी:

मी शाकाहारी आहे आणि इथवर सगळे वाचले आहे, याबद्दल माझा सत्कार व्हावा. विचित्र खाणे म्हटले की मांसच का, हा माझा प्रश्न आहे. जमैकाचे राष्ट्रीय फळ ॲकी घ्या. ते झाडावर आपण होऊन उकलेपर्यंत त्यात हायपोग्लायसिन नावाचे विष असते. कच्चे फळ जबरदस्तीने फोडून खाल्ले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि माणूस दगावू शकतो. उकललेल्या फळातला तो पिवळसर गर तेवढा काढायचा, काळ्या चकचकीत बिया आणि लाल शिरा टाकून द्यायच्या आणि गर उकडून परतायचा. मी तो जमैकात भाज्यांबरोबर खाल्ला आहे: मऊ, लोण्यासारखा, चवीला अगदी बेताचा. ताटातला पदार्थ एवढा निरुपद्रवी आणि त्यामागचा नियम एवढा कडक, हे मला कोणत्याही अस्वलापेक्षा कमी विचित्र वाटत नाही. वासाचेच बोलायचे तर डुरियन हे फळ घेऊन सिंगापूरच्या मेट्रोत चढता येत नाही. आणि त्याला ना चरबी, ना गंधग्रंथी, ना भ्यालेले मरण.

शंकेखोर:

डुरियनने तीनही सिद्धान्त एका फटक्यात निकालात काढले, हे नोंदवून ठेवावे.

कोशकीटक:

तृणभक्षी यांचा सत्कार झाला असे समजून थोडे अवांतर लिहितो, जे फार अवांतर नाही. जनावर कोणत्या वर्गात मोडते हे नाक किंवा प्राणिशास्त्र ठरवत नाही, सोय ठरवते. कॅथलिक उपवासांच्या दिवसांत मांस वर्ज्य आणि मासे चालतात, म्हणून सतराव्या शतकात कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत बीव्हर हा केसाळ, उबदार रक्ताचा प्राणी पाण्यात राहतो या आधारावर माशांत जमा झाला. व्हेनेझुएलात कॅपिबारा या जगातल्या सर्वांत मोठ्या कृंतकाला हीच सवलत मिळाली आणि तो आजही ईस्टरपूर्वीच्या उपवासात खाल्ला जातो. अमेरिकेत मिशिगनच्या आग्नेय भागात त्याच दिवसांत मस्करॅट या पाणथळीतल्या उंदरासारख्या प्राण्याची मेजवानी होते. मस्करॅटच्या बाबतीत भटारखाना यांचे म्हणणे मात्र तंतोतंत लागू पडते, कारण त्याच्या कस्तुरीग्रंथी काळजीपूर्वक काढून मांस मिठाच्या पाण्यात भिजत घातले नाही, तर उपवास खऱ्या अर्थाने घडतो.

आता मनाच्या भागाविषयी, ज्याला इथे कुणी हात घातलेला नाही. चार्ल्स डार्विन अर्जेंटिनाच्या पंपास प्रदेशात फिरत असताना त्यांच्यापुढे पांढरे, कोवळे मांस आले. ते तिथल्या लोकांच्या आवडीचे, गाईच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराचे असावे, या कल्पनेने त्यांना शिसारी आली. प्रत्यक्षात तो प्यूमा, म्हणजे मांजराच्या कुळातला मोठा शिकारी प्राणी, निघाला, आणि चव मात्र वासराच्याच मांसासारखी असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे नाक आणि जीभ गप्प होती, तक्रार फक्त डोक्याची होती. याच डार्विन यांच्या तुकडीने १८३४ च्या सुरुवातीला पॅटागोनियात एक लहान रिया, म्हणजे शहामृगासारखा पक्षी, मारून शिजवला, आणि आपण ज्याच्या शोधात होतो ती दुर्मीळ जात हीच, हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा पक्षी बहुतेक संपला होता. उरलेले डोके, मान, पाय, पंख आणि बरीचशी पिसे जमा करून लंडनला पाठवली, आणि १८३७ मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्या शिल्लक अवशेषांवरून त्या जातीला डार्विन यांचेच नाव दिले.

ऑक्सफर्डचे भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांचा तर समस्त प्राणिसृष्टी खाऊन पाहण्याचा संकल्प होता. त्यांना सर्वांत ओंगळ वाटली ती चिचुंद्रीसारखी जमीन पोखरणारी मोल, पण नंतर त्यांनी निळी माशी खाल्ली आणि क्रम बदलला, असे सांगतात.

नसती_उठाठेव:

कोशकीटक यांच्या रियावरून एक खरी घडलेली फजिती सांगतो. १९५१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एक्स्प्लोरर्स क्लबची वार्षिक मेजवानी झाली, आणि तीत हिमयुगातल्या प्राण्याचे गोठलेले मांस वाढल्याची ख्याती पसरली. कुणी म्हणे मॅमथ, कुणी म्हणे मेगाथेरियम नावाचा भला थोरला स्लॉथ. एका सदस्याला हजर राहता आले नाही, म्हणून त्याच्यासाठी एक तुकडा बरणीत राखून ठेवण्यात आला आणि तो पुढे येल विद्यापीठाच्या संग्रहालयात पोहोचला. २०१६ मध्ये त्याच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. तो तुकडा समुद्री हिरव्या कासवाचा निघाला. साठेक वर्षे लोक हिमयुगाची चव वर्णन करत होते, ती कासवाची होती.

याउलट खरे हिमयुगीन मांस खाणारेही होऊन गेले आहेत. अलास्कात फेअरबँक्सजवळ १९७९ मध्ये खाणकामात सापडलेल्या, बर्फात टिकलेल्या स्टेप बायसनच्या मानेचा थोडा भाग संशोधक डेल गथ्री यांनी १९८४ मध्ये शिजवून मोजक्या पाहुण्यांना वाढला. हजारो वर्षे मुरलेले हे मांस खाऊन कुणी आजारी पडले नाही. वासाला मातकट छटा होती म्हणतात. आता तो वास जनावराचा की हाताळणीचा, हे शंकेखोर यांनी ठरवावे.

शंकेखोर:

इतकी वर्षे जमिनीने हाताळले असल्यास जमिनीचा.

रानवेडी:

कोशकीटक यांनी डोक्याच्या तक्रारीचा मुद्दा आणला, तो महत्त्वाचा आहे, पण माझ्या मूसच्या बाबतीत डोक्याची काहीच तक्रार नव्हती. मी भुकेली आणि उत्सुक होते. त्यामुळे मी अजून भटारखाना आणि हिमवाट यांच्या मध्येच उभी आहे.

हिमवाट:

मग आता माझ्याच बाजूविरुद्ध एक पुरावा देतो. आइसलंडचा हाकार्ल हा पदार्थ ग्रीनलंड शार्कपासून करतात. या माशाचे ताजे मांस विषारी असते, कारण त्यात युरिया आणि ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड भरपूर असते. ते खड्यांच्या जमिनीत खड्डा करून, वर दगडांचे वजन ठेवून सुमारे ६ ते १२ आठवडे पुरतात, मग पट्टे कापून हवेशीर छपरीत काही महिने टांगतात. वर धरलेली तपकिरी खपली कापून टाकली की आत पिवळसर, किंचित पारदर्शक मांस निघते. मला ते बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत, काडीला टोचून मिळाले होते. तुकडा नाकाजवळ येताच अमोनियाने डोळ्यांत पाणी येते, दाताखाली तो घट्ट आणि थोडा चिवट लागतो, आणि गंमत म्हणजे तोंडात गेल्यावर वासाच्या मानाने चव सौम्य निघते, जुन्या चीजच्या वळणाची. दर्प खरा येतो तो गिळून झाल्यावर, नाकाच्या मागच्या बाजूने.

इथे वास पूर्णपणे हाताळणीचा आहे, आणि तो मुद्दाम आणलेला आहे, कारण तो नसता तर खाणारा आजारी पडला असता. स्वीडनच्या आंबवलेल्या हेरिंगचेही तसेच. डब्यात आंबणे चालूच राहते, वायूने डबा फुगतो, म्हणून तो घराबाहेर आणि पुष्कळ जण पाण्याखाली धरून उघडतात. २००६ मध्ये काही विमान कंपन्यांनी हे डबे स्फोटक ठरवून विमानात आणायला बंदी केली होती. बटाटा, कांदा आणि पातळ भाकरी यांच्याबरोबर तो मासा नुसता खारट-आंबट लागतो. डब्यालाच नाक लावणाऱ्या धाडसी लोकांमुळे त्याची उगाच बदनामी झाली आहे.

शंकेखोर:

आंबवणे आणि हलगर्जीपणा यांना एका माळेत ओवू नये. पहिल्यात वास हा काम पूर्ण झाल्याची पावती असते, दुसऱ्यात काम न केल्याची.

भटारखाना:

या वाक्यासाठी शंकेखोर यांना मागचे सगळे माफ.

टोळभैरव:

किड्यांचा अजून कुणी उल्लेखही केला नाही, याचे आश्चर्य वाटले. झिम्बाब्वे आणि बोत्स्वानात मोपाने झाडावरच्या सुरवंटांचा मोठा व्यापार चालतो. ते गोळा करणाऱ्या बायकांचे काम मी जवळून पाहिले आहे. सुरवंट शेपटीकडून चिमटीत धरायचा, बोटांनी दाबत पुढे सरकायचे आणि आतला हिरवा चोथा झटक्यात बाहेर काढायचा. अंगावरच्या काट्यांनी बोटे सोलतात, हिरवा रंग नखांत बसतो, तरी हात थांबत नाही. मग मीठ घातलेल्या पाण्यात उकळून ते उन्हात वाळवतात. चोथा नीट निघाला नसेल तर पानांचा कडवटपणा राहतो, नीट निघाला असेल तर टोमॅटो-कांद्यात शिजवलेले हे सुरवंट पौष्टिक आणि चांगले खमंग लागतात. म्हणजे हिमवाट यांचा चारा आणि भटारखाना यांचा हात, दोघेही या एका बोटभर प्राण्यात भेटतात.

युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्म अळ्यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिल्यापासून ही चर्चा तिकडेही पोहोचली आहे. एकच सूचना: ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याची ॲलर्जी आहे, त्यांनी किड्यांपासून लांब राहावे. ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोन्हींत असते आणि शरीर त्यांच्यात भेद करत नाही.

सामिष:

टोळभैरव यांनी आपले सदस्यनाम आधी घेतले की किडे आधी खाल्ले, हे कळावे.

टोळभैरव:

नाव आधी घेतले. नंतर त्याला जागावे लागले.

रानमाणूस:

मी हरणाचे आणि अस्वलाचे मांस थोडे कच्चटच पसंत करतो. महिनाभर गोठवून ठेवले की जंतू मरतात, त्यामुळे काळजीचे कारण नाही.

सूक्ष्मदर्शी:

रानमाणूस, कृपया असे करू नका आणि दुसऱ्यालाही सांगू नका. अस्वल, वॉलरस आणि रानडुक्कर यांच्या मांसात ट्रिकिनेला या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि थंड प्रदेशातल्या जाती गोठण्याला दाद देत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत साउथ डकोटा राज्यात एका कुटुंबाने अस्वलाच्या मांसाचे कबाब केले. मांस ४५ दिवस गोठवलेले होते. ते इतके गडद असते की शिजले की नाही हे रंगावरून कळेना, आणि कच्चेच वाढले गेले. सहा जण आजारी पडले, आणि त्यांतल्या दोघांनी मांसाला स्पर्शही केला नव्हता. त्यांनी फक्त त्या मांसाबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तृणभक्षी यांनीही हे ध्यानात ठेवावे. अशा मांसात तापमापक खुपसून आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत गेले आहे याची खात्री करणे, एवढाच मार्ग आहे.

आणि ध्रुवीय अस्वलाचे यकृत तर शिजवूनही खाऊ नये. त्यात 'अ' जीवनसत्त्व इतके साठलेले असते की ते विषासारखे काम करते. डच दर्यावर्दी बॅरेंट्स यांच्या ध्रुवीय सफरीतल्या खलाशांनी १५९७ मध्ये ते खाल्ले आणि काहींच्या अंगाची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. त्याला वास वाईट होता असे काही नाही. जपानमधल्या फुगू माशाच्या यकृतालाही वास नसतो आणि त्यातले टेट्रोडोटॉक्सिन उष्णतेने नष्ट होत नाही. काबुकी रंगभूमीचे नामवंत नट आठवे बांदो मित्सुगोरो १९७५ मध्ये क्योतोत ते यकृत आग्रहाने खाऊन मरण पावले. म्हणून नाक हा चवीचा चांगला परीक्षक असला तरी सुरक्षिततेचा नाही.

रानमाणूस:

भाज्यांचा तपशील वाचून निर्णय बदलला आहे. तापमापक मागवतो.

रानवेडी:

माझ्या प्रश्नाचे तीन भाग झाले आहेत: चारा, मरण आणि हात. पण एखाद्याच्या हाती शिकारीचे मांस आयतेच आले, जनावर काय खात होते आणि कसे मेले हे माहीत नसले, तर वास कोणत्या कारणाचा आहे हे शिजवण्यापूर्वी ओळखता येते का?

भटारखाना:

बऱ्याच अंशी येते. तुकड्याच्या कडेची थोडी चरबी वेगळी काढून कोरड्या तव्यावर मंद आचेवर वितळवायची आणि नुसते हुंगायचे. मग दुसऱ्या स्वच्छ तव्यावर, चरबी आणि पडदा पूर्ण काढलेला, फक्त स्नायूचा एक लहान तुकडा मीठ-मसाला न लावता पूर्ण शिजवून चाखायचा. दर्प फक्त चरबीत असेल तर सुरीने काम होईल, बाकीचे मांस निर्धास्त वापरावे. दोन्हींत मासळीचा, राळेचा किंवा नर-डुकराचा ठळक वास असेल तर हिमवाट यांचे खरे मानून ते मांस खिमा करून तिखट-मिठाच्या सॉसेजमध्ये घालावे, आख्खा भाजण्याचा हट्ट धरू नये. आणि स्नायूच बोटांना चिकटत असेल, रंग नको इतका गडद असेल आणि आंबूस वास येत असेल, तर सूक्ष्मदर्शी यांचा तिसरा आरोपी समजावा आणि मांस टाकून द्यावे. अस्वलाची चरबी वापरण्यापूर्वी पुष्कळ शिकारी हीच परीक्षा घेतात.

हिमवाट:

या परीक्षेला माझी हरकत नाही. फक्त मासे खाल्लेल्या अस्वलाची चरबी घरात वितळवायची असेल तर खिडक्या आधी उघडाव्यात.

नवखा:

मी बराच काळ फक्त वाचत होतो, आता विचारतो. शिकारी मित्राने दिलेले हरणाचे मांस माझ्या फ्रीझरमध्ये गेल्या हंगामापासून आहे. त्या वेळी शिजवलेल्या भागाला काही वास नव्हता, आताच्या तुकड्याला मात्र जुन्या तेलाचा वास येतो. जनावर तेच, हात तेच, मरणही एकच. हा चौथा आरोपी कोण?

भटारखाना:

हवा. चरबी गोठलेल्या अवस्थेतही सावकाश खवट होत राहते, आणि पिशवीत हवा राहिली असेल तर अधिकच. तुकड्याच्या कडा पांढरट आणि कोरड्या पडल्या असतील तर तेवढ्या कापून टाका, वरची चरबी पूर्ण काढा आणि आतले मांस वर सांगितल्याप्रमाणे तव्यावर तपासा. पुढच्या वेळी गोठवण्यापूर्वीच चरबी काढा, मांस घट्ट गुंडाळा, पिशवीतली हवा दाबून बाहेर घालवा आणि वर तारीख लिहा.

नवखा:

कडा कापल्या, चरबी काढली, आतला तुकडा तव्यावर पाहिला. वास नाही. उरलेले उद्या शिजवतो आहे. तापमापक अर्थात रानमाणूस यांच्याकडून उसना आणणार आहे.